लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम: काय बंद करावे, कशाला हात लावू नये

पासवर्ड टाकला, डेस्कटॉप दिसला, तरी ब्राउझरच्या चिन्हावर दोनदा क्लिक करूनही मिनिटभर काहीच उघडत नाही, पंखा घरघरू लागतो आणि खालच्या पट्टीत उजवीकडे एकामागून एक चिन्हे उगवत राहतात, ही विंडोजच्या जुन्या लॅपटॉपची ओळखीची अवस्था आहे. विंडोज स्वतः तोवर सुरू होऊन बसलेले असते. रांग लागलेली असते ती लॅपटॉपबरोबर आलेल्या आणि आपण वेळोवेळी घातलेल्या प्रोग्रामांची. यातले बरेचसे प्रोग्राम इन्स्टॉल होतानाच आपले नाव सुरुवातीच्या यादीत घालून ठेवतात, बहुधा आपल्याला न विचारता, आणि मग रोज सकाळी सगळे एकाच वेळी डिस्कवर आणि मेमरीवर तुटून पडतात. यादीतले नाव बंद करायला दोन क्लिक पुरतात. कोणते बंद करायचे हे ठरवणे मात्र अवघड जाते, कारण निम्म्या नावांवरून काहीच बोध होत नाही आणि उरलेल्या निम्म्यांची उगीचच भीती वाटते.

यादीला हात लावण्यापूर्वी उशीर नेमका कुठे होतो ते पाहून घ्यावे. बटण दाबल्यापासून पासवर्डची खिडकी येईपर्यंत जो वेळ जातो, त्याच्याशी या यादीचा संबंध जवळजवळ नसतो; तो वेळ मदरबोर्डवरील फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला मूळ प्रोग्राम), यंत्राचे अवयव चालवणारे ड्रायव्हर आणि विंडोजच्या सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) यांत जातो. टास्क मॅनेजर या विंडोजच्या खिडकीत (ती उघडण्याची रीत पुढे दिली आहे) स्टार्टअपच्या पानावर वरच्या बाजूला ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून सेकंदांचा एक आकडा दिसतो, तो फर्मवेअरने घेतलेला वेळ असतो, आणि यादीतले सगळे बंद केले तरी त्यात फरक पडणार नाही. पासवर्ड टाकल्यानंतरची रखडपट्टी मात्र याच यादीची असते, आणि पुढचे सगळे लिहिणे तिच्याविषयी आहे.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे ‘हा प्रोग्राम मला हवा आहे का’ असा प्रश्न विचारण्याची चूक बहुतेक जण करतात. त्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते, कारण नको असता तर तो आपण ठेवलाच नसता. प्रत्यक्षात इथे ‘डिसेबल’ (बंद) केल्याने प्रोग्राम पुसला जात नाही, त्याच्या फाइली आणि सेटिंग जागच्या जागी राहतात आणि स्टार्ट मेनूतून तो पूर्वीसारखाच उघडतो. थांबते ते फक्त त्याचे न बोलावता येणे. म्हणून विचारायचा प्रश्न असा आहे: मी हा प्रोग्राम स्वतःहून उघडेपर्यंतच्या वेळात तो चालू नसला, तर माझे काय अडेल? काही प्रोग्राम आपल्या नकळत आपल्यासाठी काम करत असतात, जसे फाइलींची प्रत वर पाठवणे, व्हायरसवर नजर ठेवणे किंवा कळफलकावरील खास कळा ऐकणे, आणि ते चालू नसल्याचे आपल्याला कळतही नाही. अशांना राहू द्यावे. जे प्रोग्राम आपण उघडल्यावरच उपयोगी पडतात, त्यांना सकाळी सकाळी हजेरी लावायचे काही कारण नाही.

यादी उघडण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ११ मध्ये डावीकडच्या पट्टीत ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ असे पान आहे, तर विंडोज १० मध्ये वरच्या टॅबमध्ये ‘स्टार्टअप’ असे लिहिलेले असते. तिथे नुसती छोटी खिडकी उघडली तर आधी खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबावे लागते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी ते असलेले पुष्कळ लॅपटॉप अजून वापरात आहेत आणि या बाबतीत दोहोंची रीत सारखीच आहे. विंडोज ७ च्या काळी हेच काम ‘एमएसकॉन्फिग’ या साधनात होत असे, आणि जुन्या सवयीने तिथे गेल्यास आता टास्क मॅनेजरकडे बोट दाखवले जाते. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ आणि त्याखाली ‘स्टार्टअप’ या मार्गानेही चालू-बंद करण्याची बटणे मिळतात, पण टास्क मॅनेजरमध्ये माहिती अधिक असल्याने निर्णय तिथेच घेणे सोयीचे आहे. पहिले काम म्हणून या यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. नंतर काही बिघडले तर मूळ स्थिती कोणती होती हे आठवत बसावे लागत नाही.

यादीत नाव, प्रकाशक, स्थिती आणि ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असे रकाने असतात. शेवटच्या रकान्याचा अर्थ ठरलेला आहे. सुरू होताना ज्याने प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन केले, त्याच्यापुढे ‘हाय’ येते. प्रोसेसरचा वेळ ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि वाचन-लेखन ३०० केबीच्या आत राहिले तर ‘लो’, आणि मधल्यांना ‘मीडियम’. म्हणजे ‘हाय’ची पायरी बरीच खालची आहे आणि आजच्या कोणत्याही मोठ्या प्रोग्रामला ती ओलांडणे अवघड नाही. केवळ ‘हाय’ दिसले म्हणून एखाद्याला दोषी ठरवू नये. उलट बाजूने, ‘लो’ असलेला प्रोग्राम सुरू होताना गुपचूप येतो आणि दिवसभर मेमरी अडवून बसू शकतो, ते या रकान्यात दिसत नाही. ते पाहायला ‘प्रोसेसेस’च्या पानावर जाऊन मेमरीच्या रकान्यावर क्लिक करावे. ‘नॉट मेझर्ड’ याचा अर्थ मोजमाप झालेले नाही एवढाच.

फारसे कोणी पाहत नाही अशी एक सोय इथे आहे. रकान्यांच्या नावांवर माउसचे उजवे बटण दाबले की आणखी रकाने निवडता येतात, आणि त्यातले ‘रनिंग नाऊ’ आणि ‘कमांड लाइन’ हे दोन अवश्य घ्यावेत. पहिल्यावरून तो प्रोग्राम या क्षणी चालू आहे की सुरू होऊन निघून गेला ते कळते, आणि दुसऱ्यात नेमकी कोणती फाइल कोणत्या फोल्डरमधून चालवली जाते तो पत्ता दिसतो. नाव फसवे असू शकते, पण पत्ता सहसा बरेच सांगून जातो.

आता निवडीकडे येऊ. फार विचार न करता बंद करता येईल असा एक मोठा गट प्रत्येक लॅपटॉपवर सापडतो: स्पॉटिफायसारखे गाण्यांचे प्रोग्राम, स्टीमसारखी खेळांची दुकाने, झूम, डिस्कॉर्ड, आयफोन वर्षभरात एकदाच जोडला जात असेल तर आयट्यून्सचा मदतनीस, फोन लिंक, आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे ‘स्वागत’, ‘नोंदणी’ किंवा ‘खास सवलती’ असल्या नावाचे प्रोग्राम. टीम्स आणि व्हॉट्सअ‍ॅप यांच्याबाबत मात्र थोडे थांबावे, कारण कार्यालयाचे फोन टीम्सवर येत असतील तर तो चालू नसताना घंटी वाजणार नाही. एज ब्राउझरची नोंद यादीत असेल तर तो खिडकी न उघडता पार्श्वभूमीत तयार राहतो, म्हणजे पुढे उघडताना अर्धा-एक सेकंद वाचतो. आपला ब्राउझर दुसराच असेल तर ही तयारी कोणाच्या कामाची नाही.

निरनिराळ्या प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या शोधणाऱ्या मदतनिसांना, म्हणजे अपडेटरना, सरसकट बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो अर्धाच मानतो. क्रोम आणि एज यांची अद्ययावत होण्याची व्यवस्था या यादीत नसतेच, ती टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी कामे सुरू करणारी विंडोजची सोय) आणि सेवांमधून चालते, त्यामुळे इथे काहीही केले तरी तिला धक्का लागत नाही. ज्या प्रोग्रामने आपण दुसऱ्यांकडून आलेल्या फाइली उघडतो, उदाहरणार्थ पीडीएफ वाचणारा प्रोग्राम, त्याचा अपडेटर बंद केला तर दुरुस्त्या वेळेवर येतात की नाही हे स्वतः पाहण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ती आठवणीने पार पाडणारे लोक कमी असतात, म्हणून असा अपडेटर मी चालू ठेवतो. जावाचा (काही प्रोग्रामांना चालण्यासाठी लागणाऱ्या पायाभूत प्रोग्रामचा) अपडेटर दिसला आणि जावा कशासाठी घातले होते हेच आठवत नसेल, तर अपडेटर बंद करत बसण्यापेक्षा जावाच काढून टाकावे. पण आधी पुढे येणारा डिजिटल सहीचा परिच्छेद वाचावा.

फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवणाऱ्या वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या सेवांपुढे बहुधा ‘हाय’ लिहिलेले असते आणि म्हणूनच घाईत पहिला घाव त्यांच्यावर पडतो. वनड्राइव्हबाबत विशेष सावध राहण्याचे कारण असे की विंडोज ११ ची मांडणी करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये घेण्याची व्यवस्था समोर येते आणि पुष्कळांनी तिला नकळत संमती दिलेली असते. आपल्याकडे तसे झाले आहे का हे पाहण्यासाठी डेस्कटॉपवरील एखाद्या फाइलवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लोकेशन’ पाहावे. त्या पत्त्यात वनड्राइव्ह हा शब्द असेल तर आपल्या कामाच्या फाइली तिच्या ताब्यात आहेत. अशा वेळी स्टार्टअपमधून ती बंद केली, तर फाइल जपून ठेवल्याचे आपल्याला दिसते खरे, पण ती फक्त लॅपटॉपवर राहते आणि आपण समजतो त्याप्रमाणे तिची दुसरी प्रत कुठेच तयार होत नाही. ज्या फाइलींपुढे ढगाचे चिन्ह असते त्या तर लॅपटॉपवर नसतातच. त्या उतरवून आणायचे काम वनड्राइव्हचेच असते. तेव्हा निर्णय दोनांपैकी एक असावा. सेवा वापरायची असेल तर ती यादीत राहू द्यावी. वापरायची नसेल, किंवा फुकट मिळणारी ५ जीबी जागा कधीच भरून ती नुसती कुरकुर करत असेल, तर आधी तिच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या तीन फोल्डरांचा बॅकअप थांबवावा, सगळ्या फाइली खरोखर लॅपटॉपवर आल्याची खात्री करावी, खाते तोडावे आणि मगच नोंद बंद करावी. तिसरी वाट, म्हणजे सेवा वापरायची पण सुरू होऊ द्यायची नाही, ही सगळ्यांत वाईट.

‘विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन’ ही नोंद प्रत्येक लॅपटॉपवर असते. ती म्हणजे डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस नव्हे, घड्याळाजवळची ढाल तेवढी. संरक्षणाचे काम वेगळी सेवा करते आणि ती या यादीत येत नाही. ढाल बंद केल्याने संरक्षण थांबत नाही, पण फायदाही नगण्य असल्याने मी तिला हात लावत नाही. पैसे देऊन घेतलेला दुसरा अँटिव्हायरस असेल तर तो राहू द्यावा. लॅपटॉपबरोबर आलेल्या आणि मुदत संपलेल्या चाचणी आवृत्तीला मात्र नुसते डिसेबल करू नये, अनइन्स्टॉल करावे. ती गेली की डिफेंडर आपोआप कामाला लागतो.

यानंतर यंत्राच्या अवयवांशी बांधलेल्या नोंदी. रिअलटेकची ध्वनिसेवा, सिनॅप्टिक्स किंवा इलान यांची टचपॅडची नोंद, इंटेलच्या ग्राफिक्सची नोंद, आणि लॅपटॉपच्या कंपनीची ‘हॉटकी’ नावाची नोंद, ही नावे रुक्ष आहेत पण त्यांच्यामागे बोटांच्या रोजच्या सवयी आहेत: हेडफोन खुपसल्यावर येणारी खिडकी, दोन बोटांनी पान सरकवणे, मायक्रोफोन मूक करणाऱ्या कळेवरचा दिवा. कोणत्या लॅपटॉपवर यातले काय विंडोज स्वतः करते आणि काय कंपनीचा प्रोग्राम करतो, हे त्या त्या मॉडेलप्रमाणे बदलते. या नोंदी बहुधा हलक्या असतात. ज्याला फारच हौस आहे त्याने एकेक बंद करून, हेडफोन, टचपॅड आणि वरच्या ओळीतल्या सगळ्या कळा तपासून पाहाव्यात. बाकीच्यांनी सोडून द्याव्यात.

प्रिंटरच्या नोंदीविना छपाई होते, कारण छपाई ड्रायव्हर करतो. जाते ती शाई संपत आल्याची सूचना, आणि काही प्रिंटरांवर यंत्रावरचे बटण दाबून थेट लॅपटॉपवर स्कॅन पाठवण्याची सोय. ते बटण वापरत नसल्यास नोंद बंद करायला हरकत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. वहिनींचा लॅपटॉप जुना, मेमरी ४ जीबी, आणि काम लग्नपत्रिका आणि छोट्या पुस्तिकांच्या जुळणीचे. एका रविवारी त्यांच्या यादीतल्या १७ नोंदी पाहून मला उत्साह आला आणि मी अँटिव्हायरस व ध्वनी सोडून सगळे बंद केले. लॅपटॉप खरेच चटकन सुरू झाला आणि मी कौतुक करून घेऊन घरी आलो. सोमवारी सकाळी साडेनऊला फोन: “भाऊजी, काल काय केलंत लॅपटॉपला? पत्रिका उघडली, नेहमीची कळ दाबली, तरी मराठी उमटतच नाहीये. गिऱ्हाईक समोर बसलंय.” त्यांच्या टंकलेखनाच्या प्रोग्रामची नोंद मी उडवली होती. तिचे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे होते, प्रकाशकाचा रकाना रिकामा होता आणि मला ती निरुपयोगी वाटली होती. श्री-लिपी, सीडॅकचे आयएसएम किंवा बरहा यांसारखे प्रोग्राम जुन्या, युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीच्या फाँटांमध्ये काम करणाऱ्यांसाठी कळफलक आणि अक्षरे यांच्यामध्ये उभे असतात. ते चालू नसले तर कळा दाबूनही मराठी येत नाही आणि फाँटच बिघडला असे वाटते. फोनवरून वहिनींना टास्क मॅनेजर उघडायला लावून ती नोंद ‘एनेबल’ केली, प्रोग्राम एकदा हाताने सुरू करायला सांगितला आणि पाच मिनिटांत पत्रिका पुढे सरकली. जे युनिकोडमध्ये लिहितात त्यांचा विंडोजचा मराठी कळफलक, इनस्क्रिप्ट असो वा फोनेटिक, या यादीवर अवलंबून नसतो. त्याची व्यवस्था टास्क शेड्युलरमध्ये असते, आणि वेग वाढवण्याच्या नादात तिथली ‘एमएससीटीएफमॉनिटर’ नावाची नोंद जर कोणी बंद केली, तर शोधाच्या चौकटीतसुद्धा अक्षर उमटेनासे होते. तिथे जाऊच नये.

करसल्लागार, सनदी लेखापाल आणि कंपन्यांची विवरणपत्रे भरणारे यांच्या लॅपटॉपवर डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचे मदतनीस असतात. टोकन जोडल्यावर त्यातील प्रमाणपत्र विंडोजपुढे ठेवणारा एक प्रोग्राम असतो, आणि संकेतस्थळ व टोकन यांच्यात दुवा साधणारा दुसरा, जसे जीएसटीसाठी एमसाइनर आणि प्राप्तिकरासाठी एमब्रिज. ते चालू नसले की ब्राउझरला सही सापडत नाही आणि माणूस टोकन काढून-घालून दमतो. ज्याला वर्षातून एकदा सही करायची आहे त्याने हे बंद ठेवून लागेल तेव्हा हाताने सुरू करावेत. ज्याच्या कार्यालयात दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्रासाठी धावपळ असते, त्याने ते राहू द्यावेत, आणि निदान १५ तारखेनंतर या यादीत कोणताही प्रयोग करू नये. हे सही करणारे काही प्रोग्राम जावावर चालतात, म्हणून वर जावा काढण्यापूर्वी थांबायला सांगितले. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर तर व्हीपीएन, बॅकअप आणि देखरेखीचे प्रोग्राम कार्यालयाच्या धोरणाने बसवलेले असतात. तिथे संगणक विभागाला विचारल्याशिवाय काहीही बंद करू नये.

शेवटी उरतात त्या अनोळखी नोंदी. नोंदीवर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडतो, आणि फोल्डरच्या नावावरून बहुतेक वेळा मालक कळतो. ‘सर्च ऑनलाइन’नेही शोध घेता येतो. नुसते ‘प्रोग्राम’ एवढेच नाव, कोरे चिन्ह आणि रिकामा प्रकाशक अशी नोंद दिसली तर घाबरून जाऊ नये. विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे. एखाद्या प्रोग्रामने आपला पत्ता अवतरणचिन्हांत न घालता लिहिला तर टास्क मॅनेजर पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतच वाचतो आणि ‘प्रोग्राम’ हा अर्धा शब्द नाव म्हणून दाखवतो. अनेकदा तो प्रोग्राम काढून टाकलेला असतो आणि ही त्याची मागे राहिलेली खूण असते. ‘कमांड लाइन’च्या रकान्यात पूर्ण पत्ता दिसतो, तो पाहून नोंद बंद करावी.

संशय खरा घ्यावा तो अशा नोंदीचा, जिची फाइल ‘टेम्प’मध्ये किंवा ‘अ‍ॅपडेटा’च्या आत अर्थहीन अक्षरांच्या फोल्डरमध्ये आहे, किंवा जिने विंडोजच्याच फाइलीचे नाव घेतले आहे पण पत्ता ‘सिस्टिम३२’चा नाही. ‘अ‍ॅपडेटा’त असणे हाच गुन्हा नव्हे, डिस्कॉर्डसारखे चांगले प्रोग्रामही तिथून चालतात. पण प्रकाशक नाही, नावाला अर्थ नाही आणि कधी बसवल्याचे आठवत नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर नोंद बंद करून भागत नाही, कारण बंद केलेली नोंद म्हणजे काढून टाकलेली फाइल नव्हे. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’खाली ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. तो लॅपटॉप पुन्हा सुरू करून विंडोज जागे होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे आधीच चालू होऊन लपून बसणाऱ्यांना ती संधी मिळत नाही.

निवड झाली की सगळे एकदम बंद करू नये; माझी सोमवारची सकाळ त्यातूनच ओढवली. तीन-चार नोंदी बंद कराव्यात, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा आणि दोन-तीन दिवस नेहमीची कामे करून पाहावीत. पुन्हा सुरू करताना ‘शट डाउन’ नव्हे तर ‘रीस्टार्ट’ निवडावे. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे साध्या शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो, पूर्ण नव्याने सुरुवात होते ती रीस्टार्टमध्येच, आणि तुलना करायची तर दोन्ही वेळा सारख्याच रीतीने सुरू केलेले बरे. बंद केलेला प्रोग्राम तरीही उघडा दिसला, तर दोन ठिकाणी पाहावे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’खाली ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये, आधी उघडी असलेली अ‍ॅप पुन्हा साइन इन केल्यावर उघडून देणारा एक पर्याय असतो, तो या यादीपेक्षा वेगळा आहे. दुसरे, काही प्रोग्राम उघडले की आपली नोंद पुन्हा घालतात. अशांना त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन संगणकाबरोबर सुरू न होण्यास सांगावे लागते.

फरक खरोखर पडला की तसा नुसता भास होतो, हे आकड्यांत पाहायचे असेल तर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधील घटनांच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा आणि ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’, ‘ऑपरेशनल’ असे आत जावे. तिथली १०० क्रमांकाची नोंद सुरू होण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत देते. तिच्या तपशिलात ‘मेनपाथबूटटाइम’ म्हणजे डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ आणि ‘बूटपोस्टबूटटाइम’ म्हणजे त्यानंतर यंत्र शांत होईपर्यंतचा वेळ. आपण जे बंद केले त्याचा परिणाम दुसऱ्या आकड्यात दिसायला हवा. १०१ क्रमांकाच्या नोंदी असतील तर त्यांत नेहमीपेक्षा अधिक वेळ घेणाऱ्या प्रोग्रामचे नावच लिहिलेले असते.

टास्क मॅनेजरची यादी पूर्ण नसते; सेवा आणि टास्क शेड्युलरमधली कामे तिच्यात येत नाहीत. ती सगळी एकत्र पाहायची तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातील ‘ऑटोरन्स’ हे फुकट साधन आहे. त्यात शिरल्यावर आधी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडावा, आणि उरलेल्यांतही पुसण्याऐवजी पुढची खूण काढण्यावरच थांबावे, म्हणजे परत फिरता येते. पिवळ्या रंगातल्या नोंदींची फाइल अस्तित्वातच नसते. त्या निरुपद्रवी असतात आणि त्यांच्या जाण्याने वेगही वाढत नाही. ‘संगणक दसपट वेगवान करा’ अशी जाहिरात करणारे साफसफाईचे प्रोग्राम या कामासाठी घालू नयेत. त्यांतले बरेचसे स्वतःच सुरुवातीच्या यादीत एक नाव वाढवतात.

एवढे करूनही रखडपट्टी गेली नाही, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’च्या पानावर डिस्कपुढे ‘एचडीडी’ लिहिले आहे की ‘एसएसडी’ ते पाहावे. एचडीडी म्हणजे फिरत्या तबकडीची डिस्क. तिला एका वेळी दहा ठिकाणच्या फाइली मागितल्या की तिचे टोक इकडून तिकडे धावत राहते आणि आकडा १०० टक्क्यांवर अडकतो. अशा लॅपटॉपवर सहा नोंदी बंद करून जे मिळत नाही ते एक एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवून मिळते. वहिनींच्या लॅपटॉपचे अखेर तेच केले. त्यांच्या यादीत आता १७ पैकी ७ नोंदी चालू आहेत, आणि मराठी टंकलेखनाची नोंद कोणती हे त्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवले आहे.

नवा प्रोग्राम घातला की यादी पुन्हा वाढते, पण त्यासाठी ती दर आठवड्याला तपासण्याची गरज नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ‘नोटिफिकेशन्स’ उघडून खालच्या यादीत ‘स्टार्टअप अ‍ॅप नोटिफिकेशन’ चालू करून ठेवले, की एखाद्या अ‍ॅपने स्वतःला तिथे घुसवल्यावर विंडोजच कोपऱ्यात तशी सूचना दाखवते.